अकरा पिशव्या

"गोणपाट टाक त्याच्यावर," उद्यान खात्याचे साहेब म्हणाले. ओठ जेमतेम हलले.

रस्त्यावरच्या झाडांना टँकरने पाणी घालणारी पाणीवाली तशीच उभी राहिली. समोर झाड आडवं पडलं होतं, दवाखान्याच्या फाटकापासून रस्त्याच्या मधोमधपर्यंत. त्याच्याखाली रिक्षा होती. म्हणजे तासाभरापूर्वीपर्यंत तिला रिक्षा म्हणता येत होतं. रिक्षावाला नळावर बाटली भरायला गेला होता म्हणून वाचला. आता तो फुटपाथवर बसून तीच बाटली दोन्ही हातांत धरून होता. एक घोटही त्याने घेतला नव्हता.

सगळी गर्दी रिक्षा बघत होती. साहेब आणि पाणीवाली मात्र झाडाचा बुंधा बघत होते. एका माणसाच्या कवेत मावणार नाही असं झाड मुळासकट उपटून आलं होतं, आणि त्याच्याबरोबर माती आली होती ती फक्त दोन घमेली. मुळं कुठे पसरलीच नव्हती. एकमेकांना पिळे घालून, गुदमरून, त्यांचा बादलीएवढा गोळा झाला होता. त्या गोळ्याला अजून काळं प्लास्टिक चिकटलेलं होतं.

"ऐकू येत नाही का? गोणपाट."

तिने टँकरवरचं ओलं गोणपाट ओढलं आणि गोळ्यावर टाकलं. झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं नव्हे; मढ्यावर घालतात तसं.

तेवढ्यात रस्ते खात्याचा इंजिनिअर आला. या माणसाच्या डोळ्यांत ही झाडं आधीपासूनच सलत होती, कारण रस्ता रुंद करायचा म्हटलं की मध्ये झाडं, आणि झाडांच्या आड बोंबलणारी माणसं. आज त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नीट बसलेलं नव्हतं.

"सगळी एकाच दिवशी लावलेली ना?" त्याने विचारलं.

"एकाच दिवशी. चौसष्ट," साहेब म्हणाले.

"मग काय राहिलं? एकाची जी गत तीच सगळ्यांची. उद्या माणूस मेला तर तुम्ही आत जाणार की मी?"

"सगळीच काढू," साहेब म्हणाले. "उद्या सकाळपासून. जमिनीलगत कापायची, वरून डांबर. दिवसाला दहा. चौकाकडून सुरुवात करा, इकडची बाजू शेवटी."

आणि त्यांनी पाणीवालीकडे पाहिलं. चौकाकडून का, हे त्या गर्दीत दोघांनाच कळत होतं. जमिनीलगत कापलं की बुंधा जमिनीत राहतो. त्याच्यावर डांबर पडलं की जमिनीत काय होतं ते कुणाच्या बापाला कळत नाही. आणि दवाखान्याच्या बाजूची पाळी येईपर्यंत ही गर्दी, ही रिक्षा, हे सगळं शिळं झालेलं असतं.

*

बारा वर्षांपूर्वी साहेब साहेब नव्हते. मुकादम होते. खाकी सदऱ्याची वरची दोन बटणं तुटलेली असत.

त्या काळी रोपांची मोजदाद पिशव्यांवर चाले. रोपवाटिकेतून रोप काळ्या पिशवीत यायचं. खड्डा खणायचा, ब्लेडने पिशवी उभी चिरायची, माती न सांडता रोप खड्ड्यात बसवायचं आणि पिशवी घडी करून कमरेला खोचायची. संध्याकाळी जेवढ्या रिकाम्या पिशव्या स्टोअरमध्ये जमा, तेवढी झाडं लागली. तोंडाने कितीही सांगा, स्टोअरवाला पिशव्या मोजायचा आणि वहीत आकडा टाकायचा. झाडं लावण्याच्या धंद्यात एवढा एकच माणूस खरा होता आणि त्याला कुणी कधी फोटोला बोलावलं नाही.

त्या दिवशी चार वाजता पाहुणे येणार होते. चौसष्ट झाडं उभी दिसली पाहिजेत, आणि पासष्टावं पाहुणे स्वतः लावणार. त्यासाठी मांडव, गालिचा, रंगवलेलं फावडं. ते पासष्टावं झाड आठवड्यात वाळलं, कारण मांडव काढणाऱ्यांनी त्याच्यावर बांबू रचले. असो.

एक्कावन्नाव्या झाडापाशी पाणीवालीचं ब्लेड मोडलं. पुढच्या दोन पिशव्या तिने दातांनी फाडल्या. तोंडात माती, हिरडीतून रक्त. तेव्हा साडेतीन वाजले होते आणि अकरा रोपं उरली होती.

"ठेव तशीच," मुकादम म्हणाला.

"पिशवीसकट?"

"मुळं फाडतील की पिशवी. मुळांना काय हात नसतात? ठेव."

तिने ठेवली. अकरा. दवाखान्याच्या फाटकापासून पोस्टाच्या पेटीपर्यंत. संध्याकाळी स्टोअरवाला म्हणाला, "त्रेपन्नच आहेत. अकरा कमी." मुकादमाने वही ओढली, 'अकरा फाटल्या' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

इथपर्यंत सगळा दोष मुकादमाचा. पण पाणीवाली स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी ती ब्लेड घेऊन जाऊ शकत होती. रोपं अजून सैल होती, अकरा रोपं उचलून पिशव्या काढायला सकाळ पुरली असती. तिसऱ्या दिवशीही जमलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुसरा रस्ता होता आणि तिसऱ्या दिवशी तिसरा. महिन्याभराने रोपं रुजली, आणि मग हात लावायची भीती वाटू लागली.

तिने काय केलं, तर पाणी घातलं. बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा, या अकरांना रोज. आपल्या हातून एखादं पोर पडलं की आई त्यालाच जास्तीचा घास भरवते, तसं. पाणी वरच्या वर मिळालं म्हणून मुळांनी खाली जायचा विचारच सोडला. वरून मात्र झाडं अशी फोफावली की बघत राहावं. पिसासारखी दाट पानं, पिवळ्या फुलांचे घोस. त्यांच्या सावलीत चप्पलवाल्याने पेटी मांडली, रिक्षांचा थांबा झाला, आतल्या रोग्यांची माणसं डबे घेऊन बसू लागली. चौकाकडची त्रेपन्न त्यांच्यासमोर खुरटी, वेडीवाकडी. त्यांना लोकांनी खिळे मारले, पाट्या ठोकल्या, बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं. गळ्यापर्यंत सिमेंट ओतून माणसाला कुणी 'वाढ' म्हणालं असतं का? पण ती वाढली. हळूहळू, दात-ओठ खाऊन, खाली खाली जात.

लोक तिला म्हणायचे, "पाणीवाली, तुमच्या हाताला गुण आहे. दवाखान्याकडची बघा कशी झालीत." ती मान खाली घालून पाइप गुंडाळायची. लोकांना वाटायचं, बाई लाजते.

*

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा लेक मशीनवर होती. दवाखान्याच्या चादरींना कडा घालायचं काम ती घरी आणायची. एका खोलीत मशीन, पलंग, चूल आणि चादरींचे गठ्ठे. लेकीने दोन वर्षांपूर्वी नवरा सोडला होता. म्हणजे गावाच्या भाषेत नवऱ्याने तिला. कुणी कुणाला सोडलं यावर पाणीवालीने कुणाशी वाद घातला नव्हता. फक्त पलंगावर एका कडेला सरकून झोपायला लागली होती.

"साहेबांचा फोन आला होता," लेक म्हणाली. "मला."

"तुला?"

"म्हणाले, तुझा अर्ज माझ्या टेबलावरच आहे. चार महिन्यांनी आई निवृत्त झाली की त्या जागेवर तूच. आणि म्हणाले, आईला म्हणावं उद्या रजा टाक. पाय दुखत असतील."

"माझ्या पायांची कधीपासून काळजी लागली त्यांना?"

"तेच विचारतेय मी. काय झालंय?"

पाणीवालीने सांगितलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. लेकीने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं.

"म्हणजे त्यांनी सांगितलं आणि तू लावलीस."

"त्यांनी सांगितलं. हात माझे होते."

"बरं. आता सगळीच काढतायत ना? मग मिटलं. पडायला काही उरणारच नाही. तू कशाला तोंड उघडतेस?"

"त्रेपन्न चांगली आहेत गं. त्यांना काही झालेलं नाही. शंभर वर्षं जातील ती."

"झाडं आहेत ती, आई. मी माणूस आहे."

पाणीवाली चुलीकडे वळली.

"दोन वर्षं मी चादरी शिवतेय," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "ज्यांच्यावर लोक मेले त्या चादरी धुऊन परत येतात, त्यांच्या कडा मीच पुन्हा घालते. एक नोकरी. एवढंच मागितलं मी. तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

"नाही."

"मग उद्या रजा टाक."

तिने चाक सोडलं. मशीन पुन्हा धावू लागलं.

*

सकाळी पाणीवालीने रजा टाकली नाही आणि ती कामावरही गेली नाही. पलंगाच्या कडेवर बसून राहिली. चौकाकडून करवतीचा आवाज आला. आवाज चढला, अडखळला, पुन्हा चढला. मग धप्प. लेक मान वर न करता शिवत होती. अर्ध्या तासाने दुसरं धप्प.

त्याबरोबर खिडकीचं दार आपटलं. वारा उठला होता.

दिवसाला दहा, तिच्या मनात आलं. म्हणजे सहा दिवस. दवाखान्याची बाजू शेवटी. आणि वारा आज आहे.

ती उठली. लेक म्हणाली, "आई." एवढंच. पाणीवालीने चपला घातल्या.

चौकात दोन झाडं कापून पडली होती. करवतवाला बुंध्यावर बसून पात्याची साखळी कानशीने घासत होता.

"मावशी, हे बघा," तो तिला म्हणाला. "आतून लाकूड बघा कसं आहे. साखळीची धार गेली माझ्या दोन झाडांत. याला कमकुवत कोण म्हणालं? ज्याने म्हटलं त्याला आणा माझ्यासमोर."

"तिसऱ्याला हात लावू नकोस," ती म्हणाली.

"मला वरून सांगितलंय."

"तासभर चहा पी. तासाभराने तुला वरून दुसरं सांगतील."

ती रस्त्याने चालत सुटली. धावण्याचं वय नव्हतं, आणि धावणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही. दवाखान्यापाशी दहाही झाडांखाली माणसं होती. कुणी डबा उघडलेला, एक म्हातारा बुंध्याला टेकून झोपलेला. वर फांद्या घुसळत होत्या आणि खाली माणसं म्हणत होती, काय छान वारा सुटलाय.

"उठा. सगळे उठा. पलीकडे जा."

"काय झालं?" चप्पलवाला म्हणाला. "माझी पेटी कुठे नेऊ?"

"कुठेही ने. ही झाडं पडणार आहेत."

"तुमची? तुमची कशी पडतील? पडतील तर ती तिकडची काटकुळी पडतील."

"काल पडलं ते कुठलं होतं?"

चप्पलवाल्याने पेटी उचलली. पाणीवालीने फाटकाशी कालपासून उभ्या टँकरचा लांब पाइप ओढून पहिल्या झाडापासून दहाव्यापर्यंत आडवा बांधला, झोपलेल्या म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं, आणि पोस्टाच्या पेटीजवळच्या झाडाशी बसून खुरप्याने माती उकरायला लागली.

साहेबांची जीप आली तेव्हा पाइपाच्या पलीकडे पन्नासेक माणसं होती. कालचा रिक्षावालाही त्यांत होता. साहेब उतरले, इकडेतिकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तब्येत बरी नाही तुमची. घरी जा."

"बरी आहे."

ते जवळ आले, तिच्या शेजारी उकिडवे बसले. आता आवाज फक्त तिच्यापुरता होता.

"काय मिळणार आहे तुला यातून? तुझी नोकरी जाईल. माझी नाही जाणार, मी निभावून नेईन, तुला ठाऊक आहे. तू मरशील. आणि लेकीचा अर्ज मी फाडीन, तुझ्या डोळ्यांदेखत."

"अर्ज तुमच्या टेबलावर आहे," पाणीवाली उकरता उकरता म्हणाली. "हात तुमचे आहेत. माझे हात इथे आहेत."

खुरपं कशाला तरी अडलं. दगडाला अडतं तसं नव्हे, मऊ, चिवट. तिने बोटं घातली आणि ओढलं. मुळांच्या वेटोळ्यांमधून वीतभर काळं प्लास्टिक वर आलं.

साहेब उठून उभे राहिले. "कचरा आहे," ते गर्दीला मोठ्याने म्हणाले. "रस्त्यावरचा कचरा. सगळीकडे सापडतो."

"मुकादम," पाणीवाली म्हणाली.

ते साहेब झाल्यापासून नऊ वर्षांत तिने त्यांना या नावाने हाक मारली नव्हती. साहेबांची मान आपोआप वळली.

"मुकादम, पिशव्यांची वही मागवा. त्या दिवशीचं पान. चौसष्ट रोपं, त्रेपन्न पिशव्या. अकरा फाटल्या असं लिहिलंय, ते अक्षर कुणाचं आहे ते लोकांना वाचू दे. त्या फाटल्या नव्हत्या. मी काढल्या नाहीत. एक काल पडलं. बाकी दहा ही. एवढीच कापा. तिकडची चांगली आहेत, त्यांना हात लावू नका."

मग रिक्षावाला पाइप ओलांडून आत आला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

"माझी पोरगी त्या रिक्षात बसून शाळेत जाते," तो म्हणाला. "काल तिला सोडून आलो आणि इथे लावली."

तो तिच्यासमोर उभा राहिला, मारेल असा. मग मारल्यापेक्षा वाईट केलं त्याने. पाठ फिरवली आणि निघून गेला.

*

वहीतलं पान निघालं. दहा झाडं त्याच दिवशी कापली, आणि बुंधे चौकशीसाठी यंत्राने उपटले. इंजिनिअर हळहळला, पण या वेळी त्याचं दुःख चेहऱ्यावर नीट बसलं होतं, कारण एक्कावन्न झाडं उभी राहिली. साहेबांना नोटीस आली आणि ते पंधरा दिवस रजेवर गेले. परत येतील. अशी माणसं परत येतात. पाणीवालीला निलंबनाचा कागद घरपोच मिळाला. लेकीचा अर्ज टेबलावरून कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यापुढे भर उन्हात बसलेल्या चप्पलवाल्याने तिला ऐकवलं, "तुम्ही बोलला नसता तर सावली तरी राहिली असती." राहिली नसती, हे तिने त्याला समजावलं नाही. उन्हात बसलेल्या माणसाला काय समजावणार?

उपटलेले दहा बुंधे आवारात पडले होते. चौकशी संपली तशी ती ब्लेड घेऊन गेली. एकेका गोळ्यापाशी बसली, प्लास्टिक उभं चिरलं, मुळांच्या फटींतून तुकडा तुकडा ओढून काढलं. पिशवी निघाली तरी मुळं सुटली नाहीत. पिशवीचाच आकार धरून तशीच गोल राहिली. अकराव्या बुंध्यासाठी ती कचरा डेपोवर गेली. गोणपाट अजून त्याच्यावरच होतं.

घरी येऊन तिने त्या चिंध्यांच्या अकरा जुड्या मोरीत ठेवल्या आणि ती भाकरी थापायला, म्हणजे हाताला काही काम द्यायला बसली. मशीन थांबलं. लेक उठली, मोरीत जाऊन बसली आणि एकेक जुडी नळाखाली धरून माती धुवायला लागली. त्या आठवड्यात ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. धुऊन झाल्यावर तिने चादरींना घालायचा पांढरा दोरा तोडला आणि प्रत्येक जुडीला दोन वेढे देऊन गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पाणीवालीने त्या स्टोअरच्या टेबलावर ठेवल्या.

"या कसल्या?" स्टोअरवाल्याने विचारलं. केस सगळे पांढरे झाले होते त्याचे, पण चष्मा तोच.

"त्या दिवशीच्या. अकरा."

त्याने मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. कपाटातून जुनी वही काढली, पान उघडलं, पट्टी लावली आणि 'अकरा फाटल्या' या शब्दांवरून सरळ रेघ ओढली. खाली लिहिलं, 'अकरा जमा'. वही तिच्याकडे फिरवून पेन पुढे केलं.

तिने सही केली. सावकाश, एकेक अक्षर. मग पेन तसंच धरून थांबली.

"तारीख कुठली टाकू?"

स्टोअरवाल्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"आजची," तो म्हणाला.